कोपऱ्यातला आकडा

डॉक्टरीणबाई पेन ड्राइव्ह घेऊन सभागृहामागच्या काचेच्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली. खुर्चीत पडदेकाका बसले होते. पडदा, प्रोजेक्टर, माईक सगळं त्यांच्या ताब्यात, म्हणून अख्खं हॉस्पिटल त्यांना पडदेकाका म्हणे.

तुम्ही रजेवर होतात ना, असं तिनं विचारलं. आजच आलो, घरी बसून करायचं काय, असं ते म्हणाले.

दर आठवड्याला इथे सभा भरे. दगावलेल्या एका रुग्णाची हकिगत डॉक्टरनं मांडायची आणि कुणाचं काय चुकलं ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. रुग्णाचं नाव कुठंही घालायचं नाही हा नियम, आणि प्रत्येक स्लाइडवर आकडा हवाच हा मोठ्या सरांचा हट्ट. आकडा नसला की ते 'ती मघाची, ती निळी' करत बसायचे आणि त्यांचा पारा चढायचा.

तिच्या स्लाइडवर आकडे नव्हते. नवी नोकरी, आज तीच पणाला लागलेली. आकडे सुचणार कुठून!

आज तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवता येईल का, असं तिनं चाचरत विचारलं. काकांना हसू आलं. मग निदान आकडे मीच घालते, तुम्ही बघू नका, म्हणाली. अहो, मी स्लाइड वाचतच नाही, काका म्हणाले. डॉक्टरांचं डॉक्टरांपाशी. आपली नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर, सर म्हणतील तो काढायचा, की संपलं.

त्यांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. 'इन्सर्ट'मध्ये जा, 'स्लाइड नंबर'वर खूण करा. पहिल्या स्लाइडवर नको, नवरदेवाच्या कपाळावर कुणी नंबर लिहितं का? आता सगळ्यांना लावा. झालं.

तिनं माउस तीनदा चुकीच्या जागी दाबला. ते काकांना न बघताही कळलं असावं.

"तुम्ही अपघात विभागात असता ना? पाहिलंय मी. पेशंटशी फार गोड बोलता."

तिनं मान खाली घातली. "काका, माझ्या हातून चूक झाली असेल तर?"

"तर बोलून टाका. पोटात ठेवलेली चूक माणसाला झोपू देत नाही. माझ्याही पोटात एक आहे. ती माझ्याबरोबरच जाणार."

ती उठली. पेन ड्राइव्ह तिथंच सोडून सभागृहात गेली.

सभा सुरू झाली. रुग्ण स्त्री, वय बावन्न, पहाटे आणली, हृदय बंद पडलेलं. स्लाइड भराभर सरकत होत्या. शेवटची स्लाइड झाल्यावर मोठे सर म्हणाले, "पुन्हा पाच."

पडद्यावर पाच आली. 'नातेवाइकांनी रुग्णाला आणण्यास उशीर केला.'

हे वाक्य असंच राहिलं तर तिची नोकरी वाचणार होती. विभागातल्या वरिष्ठांनीच ते सुचवलं होतं. नातेवाईक थोडेच इथे येऊन बसणार आहेत, असंही म्हणाले होते.

सरांनी विचारलं, उशीर किती?

"झालाच नव्हता, सर," ती म्हणाली. "आदल्या संध्याकाळीच घरचे बाईंना घेऊन आले होते. छातीत दुखत होतं. मी कार्डिओग्राम काढला नाही. पित्त आहे असं मीच सांगितलं, गोळी देऊन घरी पाठवलं. रात्री पुन्हा दुखलं, तेव्हा डॉक्टरांनी पित्त सांगितलंय म्हणून त्यांनी बाईंना निजवलं. ते माझ्या शब्दावर थांबले, सर. चूक माझी आहे."

वरिष्ठ कपाळाला हात लावून बसले.

"सहा घ्या," सर म्हणाले.

पडद्यावर पाचच राहिली. सरांनी पुन्हा सांगितलं. मशीन अडकलं वाटतं, असं मागून कुणीतरी पुटपुटलं.

सरांनी चष्मा काढला. आता आवाज नरम होता. "हे जे तू आम्हाला सांगितलंस, ते त्या बाईच्या घरच्यांना कुणी सांगितलंय का?"

तिनं मागच्या काचेकडे पाहिलं.

"आत्ताच कळलं त्यांना, सर. स्लाइड तेच बदलतायत."