प्रतिशब्द

होडी धक्क्यापासून वीसेक हातांवर येऊन थांबली आणि पुढे येईना.

मरेताला वाटलं, इंजिन बंद पडलं. पण गामेआमामानं ते स्वतःच्या हातानं बंद केलं होतं. तो नाळेवर उभा होता, धुतलेला पांढरा सदरा घालून. मागे चार बायका, चिंबोऱ्यांच्या टोपल्या आणि चटईत गुंडाळलेला लांबलचक ढोल. आज मरेताच्या आईच्या थडग्याची शिळा उघडायची होती. वर्षभर झाकून ठेवलेला दगड, आता त्यावरचं कापड निघायचं, मग जेवण, मग नाच. आणि नाचाला ढोल लागतो तो मामाच्याच गावचा, समोरच्या पापुआच्या किनाऱ्यावरचा.

"मामा, दोर फेक ना! माणसं बसलीत तिकडे!"

"नको. इथंच बरं आहे."

"अरे, झालं तरी काय?"

मामानं हनुवटीनं धक्क्यावरच्या पाटीकडे दाखवलं. पाटी परवाच रोवलेली. वर इंग्रजीत आणि खाली बेटाच्या बोलीत लिहिलं होतं : 'हा काठ आहे. परवानगीवाचून काठाच्या आत येऊ नये.'

खालच्या दोन ओळी मरेतानंच लिहिलेल्या होत्या.

ती या बेटावरच्या सरहद्दीच्या कचेरीत कामाला होती. समोरच्या देशातून येणाऱ्यांचे कागद तपासायचे, शिक्का मारायचा. महिन्यापूर्वी वरून पत्र आलं : 'सीमाप्रदेश' या शब्दाला स्थानिक प्रतिशब्द कळवा. ती आठवडाभर विचारत हिंडली. कुणी म्हणालं, बांध. पण बांध दोन मळ्यांमधला, तो भाऊ भांडले की घालतात. कुणी म्हणालं, शेव. बायका हसल्या, शेव लुगड्याला असते, समुद्राला नाही. शेवटी तिनं काठ लिहिलं. काठावर कुणीही येऊन बसतं, म्हणून.

"मामा, तो काठ म्हणजे हा काठ नव्हे."

"मग कुठला?"

मरेतानं समुद्राकडे हात केला. "तिकडे... म्हणजे पाण्यात आहे तो."

"पाण्याच्या मध्येच काठ?"

होडीतल्या बायका फिसकन हसल्या. मामा हसला नाही.

"मिशनच्या शाळेत तुमचीच बोली शिकलोय मी. वाचता येतं मला. बहीण होती तोवर कुणी पाटी लावली नाही. ती गेली, आणि भाचीनं काठ बंद केला."

"तसं नाही रे! मला खरं तर बांध म्हणायचं..." ती बोलली आणि तिनं जीभ चावली.

मामाचा चेहरा उतरला. "बांध? म्हणजे आपलं भांडणच झालं म्हणायचं."

कचेरीतून ब्रॉडीसाहेब बाहेर आला. मुख्य भूमीवरून तो या बेटावर येऊन दोनच महिने झाले होते. "त्यांचे कागद बरोबर आहेत ना? मग अडलंय कुठे?"

"शब्दावर."

"कोणत्या?"

"तुमच्या."

"वरून तर एकच शब्द आला होता," ब्रॉडी गोंधळून म्हणाला.

ओहोटी लागली होती. अर्ध्या तासात धक्क्याभोवती नुसता चिखल उरणार. चर्चची घंटा वाजली. मरेतानं बूट काढले, ती पायऱ्या उतरली आणि गणवेशासकट पाण्यात शिरली. आधी गुडघे, मग कंबर.

"अगं ए! मगर असते तिथं!" बायका किंचाळल्या.

मामानं वाकून तिचा दंड पकडला आणि मासा ओढावा तशी तिला होडीत ओढली. "डोकं फिरलंय का तुझं? आज तुझ्यासाठीही रडायचं होतं का आम्ही?"

मरेता टोपल्यांमध्ये बसून धापा टाकत होती. "मग तूच सांग. काय लिहू तिथं? मला कळेनासं झालंय."

मामानं विचारलं, "तुझी आई काय म्हणायची?"

आई समोरच्या किनाऱ्यावरून लग्न होऊन आली होती. चाळीस वर्षं इथे राहिली. "आई?" मरेता आठवू लागली. "पलीकडे म्हणायची. ओट्यावर बसून सांगायची, पलीकडे पाऊस पडतोय बघ."

"बरोबर. आणि आमच्याकडे आली, की दुसऱ्या दिवसापासून भुणभुण : पलीकडे पोरं उपाशी असतील, सोडा मला."

"म्हणजे तिचं अलीकडे नक्की कुठलं?"

"ते मी कधी विचारलं नाही," मामा म्हणाला. तो पाटीकडे पाहत होता. ब्रॉडीनं स्वतःचं जाकीट काढून पाटीच्या खालच्या दोन ओळींवर अडकवलं होतं आणि तो दोर झेलायला हात पसरून उभा होता. मामानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग दोर फेकला.

तासाभरानं शिळेवरचं कापड निघालं. आईचं नाव, दोन तारखा. ढोल घुमू लागला. अंगावरचा ओला गणवेश तसाच ठेवून मरेता मामाशेजारी उभी होती.

"मामा, तो शब्द लिहू का? पलीकडे?"

मामानं मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नाही. तो दगडाकडे बघत होता.

"आता तिला," तो म्हणाला, "आपण दोघंही पलीकडे."