‘न’पर्यंतची मराठी

वंदनाने तिसऱ्यांदा अच्युतरावांच्या फाटकाची कडी उघडली आणि तिसऱ्यांदा लावली. मागे, रस्त्यापलीकडे, तिचं स्वतःचं क्वार्टर. कारखान्याची पहिली पाळी सुटायला अर्धा तास होता. भोंगा झाला की बाबा सायकलवरून येणार. त्याच्या आत हे उरकायला हवं होतं.

मुठीत चोवीस शब्दांची यादी घामाने ओली झाली होती. बोर्डाचा मराठीचा पेपर दोन दिवसांवर आला होता. सहामाहीत ती नापास झाली होती. कमलिनीबाईंनी पेपर हातात देताना विचारलं होतं, “अनुप्रासापासून दृष्टांतापर्यंत तुझं एक उत्तर चुकत नाही. ‘न’च्या पुढे मात्र कोरा कागद. हा काय प्रकार आहे?” बोर्डात तसंच झालं तर वंदनाची रवानगी नागपूरला, आत्याकडे, पुन्हा त्याच वर्गात. बाबांनी गाडीची वेळसुद्धा विचारून ठेवली होती.

बाई नव्या होत्या. जुन्या माणसांना प्रकार पाठ होता. बारा वर्षांपूर्वी हिंदी मुलखातल्या या टाउनशिपमध्ये एकच मराठी मंडळ होतं आणि मंडळाचा एकच मराठी शब्दकोश, उशाला घेतला तर मान मोडावी एवढा जाड. गणपतीत मशीन शॉपच्या नरहररावांनी, म्हणजे वंदनाच्या बाबांनी, स्वतःची कविता वाचली. बेचाळीस कडवी. तेवढ्यात मोदकांना बुरशी आली म्हणतात. ड्रॉइंग ऑफिसातल्या अच्युतरावांनी मंडळाच्या हस्तलिखितात अभिप्राय दिला, “नरहररावांची कविता विदग्ध आहे.” झालं. नरहरराव भर सभेत उठले. कोश घेतला, ‘द’ काढला आणि खणखणीत वाचलं, “दग्ध, म्हणजे जळलेला.” मग म्हणाले, “माझी कविता जळकी काय?” आणि लेथवर कमावलेल्या दोन हातांनी तो कोश मधोमध फाडला. तो आवाज ऐकलेली माणसं इथे, कोटरा सुल्तानाबादेत, अजून हयात आहेत.

‘न’पर्यंतचा पहिला अर्धा नरहररावांच्या हातात राहिला, मागचा अच्युतरावांच्या पायाशी पडला. मंडळाची दोन मंडळं झाली. तेव्हापासून कवी, कथा आणि नाटक एका घरात. लेखक, वाचक आणि रसिक रस्त्यापलीकडच्या घरात. नवा कोश कोणी आणला नाही. नवा आणायचा तर जुना का फाटला हे पुन्हा निघालं असतं. वंदनाची शाळा हिंदीत, खेळ हिंदीत, भांडणं हिंदीत. पुस्तकी मराठी ती काय शिकली ती या अर्ध्या कोशावर. उपमा तिला झोपेत विचारा. रूपक मात्र शत्रूच्या घरी होतं.

चौथ्यांदा कडी उघडली ती अच्युतरावांनीच.

“आत ये. कडी झिजायला लागली.”

“काका, परसों माझा मराठीचा पेपर आहे.”

“परवा म्हणतात. पण तुझा दोष नाही. तोही शब्द इकडेच राहिला.”

कोश त्यांनी व्हरांड्यातल्या टेबलावर आणून ठेवला. घराबाहेर न्यायचा नाही, ही अट. वंदना उभ्याउभ्याच उतरवू लागली. प्रतिमा. प्रतीक. रूपक. विरोधाभास. तिची नजर पानावरून रस्त्याकडे, रस्त्यावरून पानाकडे. मागे अच्युतराव येरझारा घालत होते. त्यांची चप्पल एका फरशीवर दर वेळी अडत होती.

अकरावा शब्द तिने शोधला आणि पेन्सिल थांबली. ‘विदग्ध : सुसंस्कृत, रसिक, विद्वत्तापूर्ण.’ तिने बोट ठेवून पुन्हा वाचलं.

“काका, ही तर तारीफ आहे.”

“होती,” अच्युतराव म्हणाले. “बेचाळीसात दोन कडवी बरी होती. जरा उदार झालो.”

“मग बाबांना सांगितलं का नाही?”

“कितीदा तुमच्या फाटकाशी आलो. सांगणार काय? की नरहर, तू ‘व’ काढायला हवा होतास? मशीन शॉपचा फोरमन तो, मला लेथवर चढवला असता. तू सांग बघू. पोरीचं ऐकेल. म्हण, दोन्ही अर्धे घेऊन बसू, बाइंडिंग मी करवतो. तुझा पेपर होईल आणि आमचंही काहीतरी होईल.”

भोंगा झाला. वंदनाने यादी उचलली आणि पळाली. तेरा शब्द राहिलेच होते, पण आता त्यांची काळजी नव्हती. संध्याकाळपर्यंत अख्खा कोश तिच्या टेबलावर असणार होता.

नरहरराव फाटकात सायकल उभी करत होते.

“बाबा, मी अच्युतकाकांकडे गेले होते.”

सायकलचा स्टँड लागेना.

“रागावू नका. आधी ऐका. विदग्ध म्हणजे जळका नाहीच. विदग्ध म्हणजे...”

“सुसंस्कृत,” नरहरराव म्हणाले. “रसिक. विद्वत्तापूर्ण.”

अगदी कोशातल्याच क्रमाने म्हणाले.

“तुम्हाला कधी कळलं?”

“त्या सभेतच. मागचा अर्धा खाली पडला, तो ‘व’वरच उघडा पडला. उभ्याउभ्या वाचला मी.”

“आणि बारा वर्षं गप्प बसलात? मला नागपूरला धाडायला निघालात, तरी गप्प?”

नरहररावांनी एकदा रस्त्यापलीकडे पाहिलं. पलीकडच्या व्हरांड्यात अच्युतराव कोशाची पानं सारखी करत, इकडे बघत उभे होते.

“तेव्हाच माफी मागणार होतो गं,” नरहरराव म्हणाले. “पण तोवर कोश फाडून झाला होता.”