नॉन-ऑक्युपन्सी

आंबिवलीचा फ्लॅट मुलाच्या, रत्नदीपच्या नावावर. तो बायकोमुलांना घेऊन ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायला गेला, तेव्हापासून फ्लॅटमध्ये जाईबाई एकट्याच. यंदा मेंटेनन्सच्या बिलात एक नवीनच आकडा आला, म्हणून त्या बिल घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेल्या.

"काकी, हा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज," सेक्रेटरी सुदेश म्हणाला. "फ्लॅटमध्ये मालक किंवा त्याच्या घरचं माणूस राहत नसेल, नुसता भाडेकरू असेल, तर लागतो."

"मी आई आहे त्याची."

"मग नाही लागत. फक्त तसं लिहून त्याची एक सही पाहिजे. बोलवा की एखाद्या रविवारी."

जाईबाईंनी तिथूनच फोन लावला. त्यांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर असतो.

"आई, एका सहीसाठी कुठे तिकडे येत बसू? जास्तीचे जे काय होतील ते मी दर महिन्याला पाठवतो ना. तू भरून टाक. चल, ठेवतो."

सुदेशने मान खाली घालून पेन उचललं. "सहीचं राहू द्या, काकी. मी ओळखतो ना तुम्हाला. काढून टाकतो चार्ज."

जाईबाईंनी बिल त्याच्या पुढ्यातून ओढून घेतलं आणि त्याची घडी घातली.

"असू दे. बरोबर लागलाय तो."