नाश्त्याची गोळी

"काय मंडळी, नाश्त्याला गोळ्याच ना?" बागेतल्या निरोगी म्हणवणाऱ्यांच्या बाकावरून त्र्यंबकराव रोज समोरच्या बीपीवाल्यांच्या बाकाला विचारत.

परवा ते न्हाणीघरात घसरले. डोक्यावरचं टेंगूळ किरकोळ निघालं, पण स्कॅनमध्ये मेंदूत जुन्या, छोट्या पक्षाघाताची खूण दिसली.

"पक्षाघात? मला कळला कसा नाही?"

"कधी कधी कळतच नाही, काका. बीपी केव्हा मोजलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी पट्टा आवळत विचारलं.

"कशाला मोजू? मला काही होतच नव्हतं!"

आकडा बघून बाईंनी पुन्हा एकदा मोजलं. गोळी लिहून दिली.

आज त्र्यंबकराव दोन बाकांच्या मधोमध थबकले, मान खाली घालून बीपीवाल्यांकडे वळले. तिथल्या कमलाबाईंनी सरकून जागा केली. "या. नाश्ता झाला?"

"झाला. एकच मिळाली."

निरोगी बाकावर कुणीच हसलं नाही. मग तिथूनच एकाने हळूच विचारलं, "बीपी मोजायला उपाशीपोटी जायचं का हो?"