आईला झेपेल असं इंजिन

बाबा गेले आणि त्यांच्यामागोमाग होडीचं जुनं इंजिनही बंद पडलं. आमचं घर नदीपलीकडे, होडीशिवाय बाजाराला वाट नाही. धक्क्यावर ठेवलेलं इंजिन चोरीला जातं, म्हणून बाबा ते रोज संध्याकाळी काढून घरी आणत. माझी रजा सोमवारी संपत होती. आईला एकटीला उचलता येईल असं इंजिन मिळालं, की मी निर्धास्त परत जाणार होते.

दुकानदारानं अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन पुढे केलं. "हे घ्या काकू. एका हातानं उचलाल."

आईनं त्याकडे पाहिलंही नाही. शेजारच्या सहाच्या इंजिनावर हात ठेवून म्हणाली, "हे द्या."

"अहो, नाकापेक्षा मोती जड व्हायचा! एवढ्याशा होडीला अडीच पुष्कळ झालं."

"आई, पंचवीस किलोचं आहे ते," मी म्हणाले. "तुला जागचं हलणार तरी आहे का?"

"न हलायला काय झालं?" तिनं वाकून इंजिनाची एक बाजू धरली आणि दुसरी माझ्याकडे केली. "धर."

मी धरलं. इंजिन अलगद वर आलं.

 

"बघ," आई दुकानदाराला नाही, मला म्हणाली, "रोज संध्याकाळी दोघींना सहज झेपेल."