मूळ गाव

"साहेब, आमचा कार्यक्रम तुम्ही पंचनामा म्हणून वापरलात. लाज नाही वाटली?"

विजयमाला दारातूनच बोलली. खुर्चीवरचा महापालिकेचा साहेब हसला. तो रागावला असता तर परवडलं असतं. त्याने टेबलावरचा कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. पडद्यावर तिचाच चेहरा थांबवून ठेवला होता, तोंड अर्धवट उघडं, हातात माईक.

"छान असतो मॅडम तुमचा कार्यक्रम. आमचं अख्खं ऑफिस बघतं."

सोलापूरच्या केबलवर दर रविवारी 'गल्लीतली माणसं' लागायचं. एक गल्ली, तिथली माणसं, त्यांचे देव, त्यांची जेवणं, त्यांची भांडणं. विजयमाला बोलायची, जोतिराम कॅमेरा धरायचा. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: गाव कुठलं? एवढं विचारलं की माणूस खुलतो. सोलापुरात जन्मून सोलापुरातच म्हातारा झालेला माणूससुद्धा सोलापूर म्हणत नाही. जिथं देव, जिथं भावकी, ते गाव. नुसतं सोलापूर सांगणाऱ्याकडे लोक असे बघतात, जणू त्याच्या मागे रडायलाही कोणी नाही.

साहेबाने बटण दाबलं. बंद गिरणीमागची वस्ती पडद्यावर आली. पत्र्याच्या घरासमोर मायाप्पा बसला होता. मार्केट यार्डातला हमाल. त्या दिवशी मुद्दाम नवा फेटा बांधलेला.

"आमचं गाव सांगोल्याच्या पल्याड," पडद्यातला मायाप्पा सांगत होता. "घर हाय की तितं. दगडी हाय. जमीन हाय, मेंढरं हायती. हितं आपलं पोटापायी."

खरा मायाप्पा विजयमालाच्या मागे उभा होता, आईचा, केराबाईचा हात धरून. त्याने मान खाली घातली. ते दगडी घर चुलत्याच्या पोरांचं. जमीन त्यांची, मेंढरं त्यांची. जत्रेला गेला की हा देवळाच्या ओवरीत पडायचा. पण पोरीला स्थळं येत होती. सगळी भावकी टीव्ही बघणार होती. गावात आपल्याला घर नाही, हे कुठला बाप कॅमेऱ्यापुढं सांगेल?

"नियम साधा आहे," साहेब म्हणाला. "गावाला घर असेल त्याने इथली जागा सोडायची. बदली घर मिळणार नाही. आमची माणसं चौकशीला गेली तेव्हा ह्यांनी दारं लावून घेतली. तुमच्यापुढं मात्र घडाघडा बोलले. सगळेच्या सगळे."

सगळेच्या सगळे. दारोदार विजयमालाच फिरली होती. प्रत्येक घरचा चहा पिऊन, हसून हसून विचारत.

"सायेब," मायाप्पा म्हणाला, "गाव सांगितलं म्हंजी तितं ऱ्हातो असं व्हय? माजा जलम हितला."

"मग तेव्हा तसं बोलायचं होतं की."

सकाळीच जेसीबी वस्तीवर जाऊन उभा राहिला होता. बायका भांडी, गाद्या, देव्हारे रस्त्यावर आणून मांडत होत्या. साहेबाला घाई नव्हती. त्याने चहा मागवला.

"पुढच्या रविवारी कुठं, मॅडम? नाल्यापलीकडची वस्ती घ्या ना. तिथली माणसंही बोलकी आहेत."

हे तो अगदी गोड बोलला. जोतिरामच्या खांद्यावरचा कॅमेरा हलला.

"आणि आता आलाच आहात, तर आमची पण बाजू दाखवा. थेट दाखवता ना? दाखवा. लोकांचा उगीच गैरसमज नको."

त्याने केसांवरून कंगवा फिरवला, कॉलर ताठ केली. जोतिरामने विजयमालाकडे बघितलं. तिने मान हलवली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. शहरात जिथं जिथं टीव्ही चालू होता, तिथं साहेब दिसायला लागला.

विजयमालाला विचारायचं होतं, जेसीबी कोणाच्या हुकमाने गेला. पोटतिडकीने विचारायचं होतं. पण माईक हातात आला की तिच्या जिभेला एकच वळण.

"साहेब, गाव कुठलं तुमचं?"

तिने जीभ चावली. हे काय विचारून बसले!

साहेब मात्र खुलला. खुर्चीत मागे रेलला. "आम्ही मूळचे करकंबचे."

विजयमालाने माईक त्याच्या आणखी जवळ धरला. मग सावकाश म्हणाली, "घर असेल ना तिथं?"

"असेल म्हणजे? दुमजली आहे. आजोबांनी बांधलेलं. ऊस आहे, केळी आहे. गाव नाही सोडलं हो आम्ही. इथं जुळे सोलापुरात बंगला आहे, पण तो आपला नोकरीपुरता."

चहा घेऊन आलेला शिपाई पंचाक्षरी दारातच थबकला. साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. त्याला कळलं नव्हतं. मग हळूहळू कळायला लागलं, आणि हसू तोंडावरच वाळलं.

टेबलावरचा मोबाईल वाजला. काहीतरी करायचं म्हणून त्याने तो उचलला. स्पीकरवरून आवाज खोलीभर आला. मागे इंजिनाची घरघर होती, बायकांचा कालवा होता.

"साहेब, जेसीबी भिंतीला लावलाय. घालू का?"

साहेबाने तोंड उघडलं. लाल दिवा चालूच होता. 'बंद करा तो' असं त्याला म्हणायचं असावं, पण तेही सगळ्या शहराला ऐकू गेलं असतं.

केराबाईने लेकाचा हात सोडला. पुढं येऊन दोन्ही हात टेबलावर टेकले.

"दम धर रं बाबा," ती फोनमधल्या माणसाला म्हणाली. मग तिने मान वर केली. "सायेब, गावाला घर हाय म्हनून आमचं हितलं आज पाडताय. तुमचं हितलं कवा पाडायचं? खाली नगा बगू. सांगा की!"