नदीपलीकडचं नागरिकत्व

"सही केलीस तर तूच त्याचा गळा आवळशील," सासू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

सुनेच्या पुढ्यात टेबलावर जाड कागदाचं मानपत्र होतं. समोर शेजारच्या देशाचे राजदूत, बाजूला त्यांची दुभाषी. खाली रस्त्यावर सरकारी गाडी सकाळपासून ठाण मांडून होती. आत दोन माणसं.

तिचा नवरा पाणी तपासणारा. कारखान्याचं विष नदीत सुटलंय, हे त्याला नमुन्यांत दिसलं. साहेबांनी अहवाल दाबला, तेव्हा त्याने नदीपलीकडे फोन केला. परक्या देशातली चाळीस गावं वाचली; इकडे तो गद्दार ठरला. दोन वर्षांपासून तो तुरुंगात होता. गेल्या महिन्यापासून भेटीही बंद होत्या.

आता पलीकडच्यांनी त्याला मानद नागरिकत्व दिलं होतं. घरच्यांनी ते स्वीकारायचं होतं.

राजदूत हलक्या आवाजात काहीतरी बोलले.

"तुमच्यावर जे कोसळलंय, त्यात आमचा देश तुमच्यासोबत आहे," दुभाषीने सांगितलं.

"दोन वर्षं झाली. अंगवळणी पडलंय आता."

दुभाषी जरा थबकली. मग तिने ते राजदूतांना सांगितलं.

"खालचे दोघे हाच कागद कोर्टात नाचवतील," सासू म्हणाली. "म्हणतील, बघा, शत्रूचा नागरिक!"

"आई, इकडे त्याला कुणी आपला म्हणत नाही. तिकडे तरी म्हणू देत. दुसऱ्या देशाच्या माणसाला हात लावताना दहादा विचार करतील."

 तिने सही केली. 

"आता तो तुमचाही झाला," पेन खाली ठेवत ती राजदूतांना म्हणाली. "त्याला मागून घ्या."

राजदूतांचं उत्तर दुभाषीने सावकाश सांगितलं. "आम्ही रोज मागतोय. ते द्यायला तयार नाहीत. पण आम्ही पिच्छा सोडणार नाही."

 त्याच्यासाठी रोज कुणीतरी भांडतंय, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

सासूही हळूहळू टेबलाशी आली. "वाचून दाखवा ना बाई, काय लिहिलंय माझ्या लेकाबद्दल?"

दुभाषीने मानपत्र उचललं.

"'ज्यांनी परक्यांच्या लेकरांना आपलं मानलं, त्यांना आमचं राष्ट्र कृतज्ञतेने मानद नागरिकत्व बहाल करत आहे,'" ती एका सुरात वाचत गेली, "'मरणोत्तर.'"